एका रात्रीत गाव उठत नाही

राजस्थानात जैसलमेरपासून कुलधरा हे ओसाड गाव साधारण १८ किलोमीटरवर आहे आणि गाईडची गोष्टही तेवढ्याच अंतरात संपते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून गेलो होतो. सोनार किल्ला बघून झाला होता, संध्याकाळी समच्या वाळूवर उंटाची फेरी ठरलेली होती, आणि मधल्या दोन तासांत कुलधरा. जैसलमेरचा दिवाण सालिम सिंह, त्याची गावच्या मुखियाच्या मुलीवर पडलेली नजर, पालीवाल ब्राह्मणांची पंचायत, आणि मग गाईडचा आवाज एकदम खाली येतो: "एक ही रात में चौरासी गाँव खाली, साहब." जाता जाता त्यांनी शाप दिला की इथं पुन्हा कुणी नांदणार नाही. मागच्या सीटवरची एक मुलगी आईला बिलगली. गाडी थांबली, आम्ही उतरलो आणि मी दोन तासांत दोनशेवर फोटो काढले.

फोटो चांगले आले होते. छपरं नसलेल्या घरांच्या रांगा, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले पिवळसर दगड, सरळ आखलेल्या गल्ल्या, भिंतींतल्या कोनाड्यांत साचलेली सावली. एका रिकाम्या दारातून पलीकडची गल्ली दिसत होती, तो फोटो मी त्याच रात्री फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, "कुलधरा. एका रात्रीत उठलेलं शापित गाव." माझ्या कुठल्याच फोटोला तोवर एवढी दाद मिळाली नव्हती. त्या एका ओळीची मला आज लाज वाटते. ती का वाटते, हे नीट सांगायचं आहे, कारण प्रश्न माझ्या एकट्याच्या फोटोचा नाही.

१८९० च्या सुमाराच्या नोंदीत कुलधऱ्यात ११७ घरं आणि ३७ माणसं दाखवली आहेत. दिवाण सालिम सिंह १८२४ मध्ये मेला. म्हणजे ज्याच्या भीतीनं गाव एका रात्रीत पळालं असं आपण सांगतो, त्याच्या मरणानंतर सहा दशकं उलटली तरी गावात माणसं होती. त्याआधीचा आलेखही उतरताच आहे. भरभराटीच्या काळात दीड हजारांच्या घरात वस्ती असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आठशेच्या आसपास आली होती. १८१५ पर्यंत गावातल्या बहुतेक विहिरी आटल्या. १८५० च्या सुमारास एक पायविहीर आणि दोन खोल विहिरी एवढंच पाणी शिल्लक होतं.

त्या ३७ माणसांचा विचार मी सोडू शकलेलो नाही. ११७ घरांच्या गावात ३७ माणसं म्हणजे काय, हे कोकणातल्या कुठल्याही वाडीत श्रावणात जाऊन आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. दहा घरांना कुलूप, अकराव्या घरात एक म्हातारी, आणि शेजारच्या तीन घरांच्या किल्ल्या तिच्याकडे. कुलधऱ्यातही असंच कुणीतरी असणार. मुलगा सिंधकडे किंवा माळव्याकडे निघून गेलेला, आणि घरातली माणसं पायविहिरीवर रोज पाण्याला जाणारी. संध्याकाळी किती घरांत दिवा लागला हे मोजण्याची सवय त्यांना लागली असेल. शापाच्या गोष्टीत या माणसांना जागाच नाही. ती तिथं राहिली, हेच गोष्टीला परवडत नाही.

आपल्याकडे जुन्या महसुली दप्तरात ओसाड गावाला 'बेचिराख' म्हणत. आज आपण तो शब्द जळून खाक झालेल्या गोष्टीसाठी वापरतो, पण मूळ फारसी अर्थ आहे चिराग नसलेलं, दिवा न लागणारं. विदर्भात अशा गावाला 'रिठ' म्हणतात. माणसं गेली तरी मौजाचं नाव, शीव आणि जमिनीचा हिशेब कागदावर कायम राहतो. मराठेशाहीत अशी गावं पुन्हा वसवायची तर सरकार कौल, म्हणजे सवलतीचं लेखी आश्वासन, देत असे. त्यातला 'इस्तावा' म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढं दरवर्षी थोडा थोडा वाढवत काही वर्षांनी पूर्ण दरावर न्यायचा. गाव दुष्काळानं आणि साऱ्याच्या ओझ्यानं उठतं, आणि सारा हलका केला तर परत भरतं, हे त्या कारकुनांना पक्कं माहीत होतं. गाव बेचिराख झालं म्हणून कुणी मांत्रिक पाठवल्याचं मी वाचलेलं नाही.

जैसलमेरमध्ये त्या काळी नेमकं उलटं चाललं होतं. विहिरी आटत होत्या आणि वसुली वाढत होती. जेम्स टॉड या ब्रिटिश अधिकाऱ्यानं सालिम सिंहच्या जुलमाबद्दल आणि राज्य सोडून जाणाऱ्या पालीवालांबद्दल त्याच काळात लिहून ठेवलं आहे. काही भूवैज्ञानिकांनी भूकंपाची शक्यताही मांडली आहे, पडलेल्या भिंतींच्या खुणांवरून. कारणं एकाहून जास्त असतील. पण ती सगळी या जगातली आहेत, मोजता येणारी आहेत आणि त्यांतली निदान एक तरी माणसाच्या हातची आहे.

लोककथा खोटी म्हणून उडवून लावावी, असं मला म्हणायचं नाही. कुलधऱ्याच्या कथेत दिवाण दुष्ट आहे, आणि दिवाण खरंच दुष्ट होता. लोकांनी ते दोनशे वर्षं विसरू दिलं नाही, हे त्या कथेचं मोठं काम. पण ते करताना कथेनं एक बदल केला. साऱ्याची जागा तिनं वासनेला दिली. सारा हा राज्याचा प्रश्न असतो. तो कोण ठरवतं, कुणावर बसतो, दुष्काळात माफ होतो की नाही, असे प्रश्न त्यातून निघतात आणि ते आजच्या कुठल्याही सरकारलाही विचारता येतात. वासना मात्र एका वाईट माणसाची असते आणि त्याच्याबरोबर संपते. मुखियाच्या मुलीची गोष्ट ऐकून आपण हळहळतो आणि उंटाच्या फेरीला निघतो. आटलेल्या विहिरीवर बसवलेल्या कराची गोष्ट ऐकली असती, तर आपल्यातल्या एखाद्याला तरी आपला तालुका आठवला असता.

कॅमेऱ्याचं आणि या कथेचं इतकं चांगलं का जमतं, याचाही मी बराच विचार केला आहे. दोघांनाही क्षण हवा असतो. ऐंशी-शंभर वर्षं चाललेलं आटणं फोटोत येत नाही. "एका रात्रीत" हे शब्द फोटोखाली अगदी चपखल बसतात, कारण फोटोही तेवढ्याच वेळात होतो. वाळवंट आणखी मदत करतं. ओल नाही, झाडोरा नाही, शेवाळ नाही. कोकणातलं पडकं घर पाच पावसाळ्यांत मातीला मिळतं, वाळवंटातलं घर शंभर वर्षांनी कालच सोडल्यासारखं दिसतं. म्हणून ही गावं आपल्याला आत्ताच घडलेल्या अनर्थासारखी वाटतात आणि आपण तशीच ती टिपतो.

हे फक्त राजस्थानात होत नाही. दुबईत राहणारा माझा मावसभाऊ आणि त्याचे मित्र हिवाळ्यात एखाद्या शुक्रवारी शारजातल्या अल मदामला जातात. १९७०च्या दशकात बांधलेली घरांची दोन ओळी आणि एक मशीद, पुढं सोडून दिलेली, आज खोल्यांत छातीपर्यंत वाळू. तिथं जिन्न आहेत असं सांगतात. त्यानं मला पाठवलेल्या फोटोंत एका भिंतीचा रंग इतका सुरेख आहे की मी तो पडद्यावर बराच वेळ बघत बसलो. घरं कुणासाठी बांधली होती, ती माणसं कुठं गेली, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. जिन्नांची गोष्ट मात्र पहिल्या पाच मिनिटांत कळली होती.

जगात सगळ्यांत जास्त कॅमेरे ज्या वाळूभरल्या घरांवर रोखले जातात, ती नामिबियातल्या कोलमान्सकोपची. ल्युडेरिट्झ बंदरापासून दहा-बारा किलोमीटर आत, नामिब वाळवंटात. दार अर्धं उघडं, त्यातून खोलीत शिरलेला वाळूचा ढीग, भिंतीला फिकट निळा किंवा हिरवा रंग आणि त्यावर जर्मन पद्धतीची नक्षीची पट्टी. हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल, निदान कुणाच्या तरी दिवाणखान्यात. सूर्योदयाच्या उजेडात फोटो काढायचे असतील, तर त्यासाठी खास परवाना मिळतो. नेहमीच्या तिकिटावर तेवढ्या लवकर आत सोडत नाहीत.

आता फोटोबाहेरचं. नामिबिया तेव्हा जर्मनीची वसाहत होती. १९०८ मध्ये झकारियास लेवाला नावाच्या कृष्णवर्णीय कामगाराला इथल्या रेल्वेच्या रुळांवरची वाळू उपसताना एक खडा सापडला. त्यानं तो आपल्या जर्मन वरिष्ठाला, ऑगस्ट श्टाउखला नेऊन दाखवला. तो हिरा होता. श्टाउखनं खाणीचे हक्क मिळवले आणि श्रीमंत झाला. ज्याच्या हाताला हिरा लागला त्याला त्यातलं काही मिळालं नाही. त्याच वर्षी जर्मन सरकारनं तो सगळा पट्टा निषिद्ध क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि वाळवंटात एक जर्मन गाव उभं राहिलं. इस्पितळ, नाचाचा हॉल, व्यायामशाळा, बर्फाचा कारखाना, वीजघर. इस्पितळात क्ष-किरण यंत्र होतं. पिण्याचं पाणी जहाजानं केपटाऊनहून येई. पहिल्या महायुद्धानंतर हिऱ्यांचा भाव घसरला, १९२८ मध्ये दक्षिणेला ऑरेंज नदीजवळ याहून समृद्ध साठे सापडले, आणि लोक तिकडं सरकत गेले. शेवटची माणसं १९५६ मध्ये गेली. म्हणजे हेही गाव एका रात्रीत उठलेलं नाही, त्याला जवळजवळ तीन दशकं लागली.

भरभराटीत कोलमान्सकोपमध्ये सुमारे ३०० जर्मन प्रौढ, ४० मुलं आणि ८०० ओवांबो मजूर राहत. हे मजूर उत्तरेकडून कंत्राटावर आणलेले, बराकींत ठेवलेले. सुरुवातीच्या काळातली त्यांची छायाचित्रं आहेत, वाळूत एका रांगेत गुडघ्यांवर सरकत हिरे वेचणारी. आज आपण ज्या खोल्यांचे फोटो काढतो त्या व्यवस्थापकाच्या, डॉक्टरच्या, शिक्षकाच्या, हिशेबनिसाच्या आहेत. नक्षीची पट्टी त्यांच्या भिंतींवर होती. गावातली बहुसंख्य माणसं ज्या जागेत झोपत तिथं कॅमेरा फारसा वळत नाही, कारण तिथं नक्षी नाही.

आणखी एक पाऊल मागं गेलं पाहिजे. लेवाला ज्या रेल्वेची वाळू उपसत होता, ती ल्युडेरिट्झची रेल्वे १९०५-०६ च्या सुमारास बांधली गेली, आणि ती बांधताना हेरेरो आणि नामा कैद्यांना जुंपलं होतं. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्यानं या दोन समाजांचा जो संहार केला, त्यातून उरलेली माणसं ल्युडेरिट्झच्या शार्क आयलंडवर छावणीत डांबली होती. थंडी, भूक आणि मजुरीनं ती तिथं फार मोठ्या संख्येनं मेली. २०२१ मध्ये जर्मन सरकारनं हा वंशसंहार होता असं मान्य केलं. कोलमान्सकोप बघायला गेलेला पर्यटक ल्युडेरिट्झमध्येच उतरतो. शार्क आयलंडवर आज तंबू ठोकून राहण्याची सोय आहे. समुद्रावरचा सूर्यास्त तिथून फार छान दिसतो.

हे सगळं माहीत झाल्यावर निळ्या भिंतीचा फोटो काढू नये का? काढावा. मी स्वतः कॅमेरा बाळगणारा माणूस आहे, आणि वाळूवर सकाळचा तिरपा उजेड पडतो तेव्हा बोट बटणावर जातंच. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा जागी फोटो काढण्याबरोबर एक कर्ज येतं: गाव का उठलं आणि तिथं कोण राहत होतं, हे सांगण्याचं. ते कर्ज फोटोग्राफरचं आहे आणि त्याहून जास्त, जागेची देखभाल करून तिकीट घेणाऱ्या खात्यांचं आहे. फोटोग्राफरच्या सद्सद्विवेकावर हे सोडून चालणार नाही. तिकीट घेऊन जागा दाखवणाऱ्यावर खरी माहिती देण्याचं बंधन असलं पाहिजे, जसं औषध विकणाऱ्यावर असतं.

यावर छायाचित्रकार मित्रांचं एक उत्तर ठरलेलं असतं: "फोटो म्हणजे काही निबंध नाही. सगळं सांगत बसलो तर कला राहणार कुठं?" या म्हणण्याचा मी आदर करतो. पण तेच मित्र फोटोखाली 'शापित', 'भुताचं गाव', 'काळ थांबलेली जागा' असं लिहितात. म्हणजे शब्द ते वापरतातच. तेवढ्याच जागेत "१८१५ पर्यंत विहिरी आटल्या" किंवा "इथं ८०० मजूर राहत, त्यांच्या बराकी या चित्रात नाहीत" एवढं मावतं. असं लिहिल्यानं चित्र कमी सुंदर होत नाही. बघणाऱ्याची नजर त्या दारातून आत जाते आणि कुणाला तरी शोधायला लागते. माझ्या कुलधऱ्याच्या फोटोखाली ३७ माणसांची ओळ लिहिल्यापासून मला स्वतःला त्या गल्लीत एक दार जास्त दिसायला लागलं, कारण मी दारं मोजायला लागलो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो जैसलमेरच्या जीपवाल्याचा आहे. भुताच्या गोष्टीमुळं गाडी भरते. चहाची टपरी चालते, मांगणियार गायकाला समोर चार माणसं मिळतात, जुन्या दगडांच्या जागेवर राखणदाराची नोकरी टिकते. त्या भागात पाऊस वर्षाला दीडशे-दोनशे मिलीमीटर पडतो. मुंबई बंदर वाढलं आणि समुद्रमार्गानं व्यापार वळला, तसा जैसलमेरवरून जाणारा उंटांचा मार्ग केव्हाच ओस पडला. अशा ठिकाणी पर्यटनावर जगणाऱ्या माणसाला पुण्यात बसून शहाणपण शिकवण्याचा मला अधिकार नाही. म्हणूनच गाईडला दोष देऊन मी हा प्रश्न सोडवू पाहत नाही. गोष्ट त्याला कुणी दिली, आणि दुसरी कुणी दिली नाही, हे विचारायला हवं.

शिवाय, शाप सांगितला की लोक दगड उचलून नेत नाहीत, असंही कुणी म्हणतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बोडी या सोन्याच्या ओसाड गावी हा प्रयोग होऊन गेला आहे. तिथं १९६२ पासून राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. घरं दुरुस्त करून नवी करायची नाहीत, फक्त आणखी पडू द्यायची नाहीत, असं तिथलं धोरण आहे आणि ते मला मनापासून पटतं. पण बोडीच्या वस्तू उचलणाऱ्याला वाईट भोगावं लागतं अशी गोष्ट पसरली, आणि आजही खिळे, काचा, दगड टपालानं परत येतात, सोबत माफीची पत्रं. म्हणजे लोक वस्तू उचलत होतेच. भीती त्यांना घरी पोहोचल्यावर वाटली.

दुसरी गोष्ट द्यायची म्हटली तर कुलधऱ्यात ती तयार आहे, आणि शापापेक्षा कितीतरी आश्चर्याची आहे. पालीवालांनी ज्या प्रदेशात गहू पिकवला, तिथं पाऊस बाजरीलाही जेमतेम पुरतो. त्यांची युक्ती म्हणजे खडीन. सभोवार खडकाळ उतार असलेली सखल जागा हेरायची आणि तिच्या उताराच्या टोकाला लांबच लांब मातीचा बांध घालायचा. पावसाच्या दोन-तीन सरींत खडकावरून वाहून येणारं सगळं पाणी, त्याच्याबरोबरचा गाळ, बांधाच्या आत साठतो. जास्तीचं पाणी सांडव्यातून पुढं. पावसाळा संपेपर्यंत पाणी मुरतं, जमीन ओलावा धरून ठेवते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पुढं एकही पाळी न देता पीक हाताशी येतं. पाणी मुरताना क्षारही खाली जातात, त्यामुळं जमीन खारवत नाही. ज्या शेतकऱ्यानं मराठवाड्यात जानेवारीत टँकरची वाट पाहिली आहे, त्याला ही गोष्ट एकदा सांगून बघा. तो भुताबद्दल एक प्रश्नही विचारणार नाही.

आणि खडिनी मेलेल्या नाहीत. जैसलमेरच्या परिसरात कितीतरी आजही पेरल्या जातात. गाव उठलं तरी त्याची विद्या शेजारी कामाला येते आहे, आणि आपण तिच्या बाजूनं गाडी पळवत भिंती बघायला जातो. राजस्थान सरकारनं कुलधऱ्याच्या दारात, तिकीट खिडकीच्या शेजारी, विहिरींचा आणि लोकसंख्येचा उतरता हिशेब लावावा. जवळची एखादी खडीन फेरीत घ्यावी, आणि तिथल्या शेतकऱ्याला ती समजावून सांगण्याचे पैसे द्यावेत. परवानाधारक गाईडना शिकवताना शापाची कथा 'कथा' म्हणून आणि नोंदी 'नोंदी' म्हणून शिकवाव्यात. गाईडची कमाई यानं घटणार नाही. चांगली गोष्ट सांगणारा माणूस आणखी चांगली गोष्ट हाती आली तर ती सांगतोच.

हे स्वप्नरंजन नाही, कारण चिलीत याहून अवघड गोष्ट झाली आहे. अटाकामा वाळवंटातली हम्बरस्टोन आणि सांता लौरा ही गावं सोरा काढण्यासाठी वसली. तिथला सोरा जगभरच्या शेतांत खत म्हणून आणि तोफांत दारू म्हणून जाई. कामगारांना पगार पैशांत मिळत नसे. कंपनीची बिल्ली मिळे आणि ती फक्त कंपनीच्याच दुकानात चाले. १९०७ च्या डिसेंबरात असे हजारो कामगार बायकामुलांसह इकिके शहरात उतरले, सांता मारिया शाळेत मुक्कामाला थांबले, आणि सैन्यानं तिथं गोळीबार करून शेकडो माणसं मारली. पुढं जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची रीत निघाली आणि सोऱ्याचा धंदाच बसला. हम्बरस्टोन १९६० मध्ये बंद पडलं. लाकूड आणि पत्रा यांची ती घरं भंगारवाल्यांनी ओरबाडली, खाऱ्या हवेनं खाल्ली. २००५ मध्ये युनेस्कोनं ती जागतिक वारसा यादीत घेतली आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशातही टाकली. २०१९ मध्ये ती धोक्याच्या यादीतून बाहेर आली.

ती वाचवण्यात पुढाकार कुणाचा होता हे महत्त्वाचं आहे. तिथं जन्मलेली, वाढलेली, काम केलेली माणसं आणि त्यांची मुलं. स्वतःला ते 'पाम्पिनो' म्हणवतात. दर नोव्हेंबरात ही माणसं आपल्या गावी परत येतात, आपलं घर, आपली शाळा नातवंडांना दाखवतात, बँड वाजतो. तिथल्या दुकानात कंपनीच्या बिल्ल्या मांडून ठेवल्या आहेत, आणि त्या का वाईट होत्या हे लिहिलेलं आहे. फोटोग्राफर तिथंही येतात, भरपूर येतात. पत्र्यावर चढलेला गंज काही कमी देखणा नाही. पण ते गाव त्या माणसांचं आहे, आणि पाहुणा पाहुण्यासारखा वागतो.

त्याच वाळवंटात चाकाबुको नावाचं आणखी एक सोऱ्याचं गाव आहे. ते ओसाड पडल्यावर १९७३ च्या लष्करी उठावानंतर पिनोशेच्या राजवटीनं तिथं राजकीय कैदी डांबले, आजूबाजूला सुरुंग पेरले. राजवट गेली. त्यानंतर तिथल्याच कैद्यांपैकी एकजण परत येऊन त्या गावाचा राखणदार म्हणून कितीतरी वर्षं एकटा राहिला. येणाऱ्याला तो कुठली खोली कैद्यांची होती, नाटक कुठं होई, हे फिरून दाखवत असे. कुलधऱ्याला असा राखणदार मिळाला नाही. ती ३७ माणसं गेली तेव्हा ऐकून घ्यायला कुणी नव्हतं.

आपल्याकडे अजून आहेत. उजनी धरणात गेलेल्या पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की भीमेच्या पात्रातून वर येतं, आणि पुण्या-सोलापूरकडून कॅमेरे घेऊन लोक धावतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मीही गेलो होतो. भेगाळलेला गाळ, मध्ये देवळाचं शिखर, वर ड्रोनचा आवाज. तिथून थोड्या अंतरावर नऊवारीतली एक आजी एका जोत्याशी उभी होती. एका पोरानं लांबून हाक मारली, "ओ आजी, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय." त्या हलल्या. मी जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "आमचं घर होतं बाळा हितं. ही वसरी. पाणी आलं तवा माझा थोरला रांगत होता." मग त्यांनी हातानं दाखवलं, चूल कुठं, गोठा कुठं, आड कुठं. त्या पोरालाही मी बोलावून घेतलं. तो वाईट नव्हता, त्याला माहीत नव्हतं. तो अर्धा तास ऐकत बसला, मग त्यानं विचारून त्यांचा फोटो काढला, त्यांच्याच वसरीवर बसलेल्या.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक धरणाच्या काठी अशी माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत. महसूल खात्याकडे बुडालेल्या गावांचे नकाशे आहेत, पुनर्वसनाच्या याद्या आहेत. राज्याच्या पर्यटन खात्यानं अशा जागांची जाहिरात 'पाण्याखालचं रहस्यमय मंदिर' म्हणून होऊ देण्याआधी त्या याद्या उघडाव्यात आणि वसरी दाखवू शकणाऱ्या माणसांना गाठावं. छायाचित्रकारांच्या क्लबांनी सहल काढताना कुणा धरणग्रस्ताला बरोबर घ्यावं, त्याला मानधन द्यावं. यासाठी फार दिवस हातात नाहीत, दहा वर्षांनी विचारायला कुणी असणार नाही.

जैसलमेरला मी गेल्या वर्षी जानेवारीत पुन्हा गेलो, एकटा. जीपवाल्याला म्हटलं, कुलधरा नंतर, आधी खडीन दाखवा. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खड़ीन? वहाँ तो कुछ नहीं है साहब, खेत है." मी म्हटलं, तेच बघायचंय. बांधावर उभं राहिल्यावर तो स्वतःच बोलायला लागला. त्याच्या आजोळी अशीच खडीन होती. पाणी किती दिवस उभं राहिलं की हरभरा आणि किती दिवस राहिलं की गहू, हे त्याला तोंडपाठ होतं. चारी बाजूंना करडा खडक, आणि मध्ये घोट्याएवढा हिरवा हरभरा. तिथं मी एकच फोटो काढला आणि खाली काय लिहायचं ते त्यालाच विचारलं. त्यानं सांगितलं ते तसंच लिहिलं: "पालीवालों का बाँध. अभी भी चालू है."